पार्लरचं नाव ठरवताना: सांगलीत नवं पार्लर सुरू करणाऱ्या मुलींसाठी

गाळा ठरतो, डिपॉझिट जातं, हायड्रॉलिक खुर्ची आणि हेअर वॉशच्या बेसिनची ऑर्डर दिली जाते, सत्यनारायणाची तारीख धरली जाते. मग फ्लेक्सवाला विचारतो, "मॅडम, नाव काय टाकू?" माझ्याकडे कोर्स करून गेलेल्या कितीतरी मुलींनी आपल्या पार्लरचं नाव असं दुकानाच्या काउंटरवर उभं राहून दहा मिनिटांत ठरवलंय. खुर्ची निवडायला ज्या दोनदा कोल्हापूरला जाऊन आल्या, त्यांनी नावाला दहा मिनिटं दिली. खुर्ची पाच-सात वर्षांत बदलते. नाव बदलायला फार त्रास होतो, तो मी भोगलाय. म्हणून हे सगळं सविस्तर लिहिते आहे. नावासाठी पंधरा दिवस वेगळे काढा, आणि ते गाळ्याचा करार करण्याच्या आधीच काढा.

एक गोष्ट पहिल्यापासून डोक्यात ठेवा. आपल्या धंद्यात गिऱ्हाईक तोंडी येतं. हळदीच्या कार्यक्रमात नवरीची मावशी विचारते, "मेकअप कुणी केला गं?" तेव्हा तुम्ही तिथं नसता. तुमचं काम नवरीच्या चेहऱ्यावर असतं आणि तुमचं नाव तिच्या बहिणीच्या तोंडात. ते नाव तिला पटकन आठवलं, सरळ उच्चारता आलं आणि मावशीला एकदाच ऐकून कळलं, तर पुढच्या लग्नाची ऑर्डर तुमची. ती "अगं ते नाही का, विश्रामबागला, काहीतरी इंग्लिश नाव आहे बघ" असं म्हणाली, तर विश्रामबागला पार्लरं भरपूर आहेत.

आधी धंदा कागदावर मांडा

नावांचा विचार सुरू करण्याआधी एका कागदावर चार गोष्टी लिहा. तुमच्याकडे कोण येणार? विलिंग्डन किंवा वालचंद कॉलेजच्या मुली येणार, मार्केट यार्डाच्या बाजूच्या घरांतल्या बायका येणार, की माधवनगर, बुधगाव, तासगावहून लग्नाच्या ऑर्डरी येणार? तुमचा हात कशावर बसलाय: आयब्रो-फेशियल, केसांचं काम, की ब्रायडल? पाच वर्षांनी काय वाढवायचंय, क्लास घ्यायचे आहेत का? आणि पुरुषांचं काम करणार आहात की फक्त महिलांचं?

हे लिहिलं की निम्मी नावं आपोआप गळतात. नावात "ब्रायडल" असेल तर महिन्याला आयब्रो करायला येणारी शेजारची बाई बिचकते. तिला वाटतं इथं सगळं महाग असणार. नावात "हेअर" असेल तर मेकअपसाठी कुणी फोन करत नाही. आज जे काम करता तेवढंच नावात अडकवू नका.

चाळीस शब्दांची वही

एक छोटी वही घ्या आणि आठवडाभर सोबत ठेवा. चाळीस शब्द जमवायचे, त्यांतलं एक नाव निघतं. इंटरनेटवर "पार्लरसाठी नावं" शोधाल तर सगळ्या देशाला दाखवली जाते तीच यादी तुम्हाला मिळेल, आणि तीच नावं प्रत्येक चौकात दिसतील. शब्द घरात शोधा.

दागिन्यांची पेटी उघडा: ठुशी, पैंजण, बुगडी, चंद्रकोर, मोहनमाळ, वेल. अंगणात बघा: अबोली, शेवंती, बकुळी, मोगरा, सायली. कपाट उघडा: इरकल, खण, काठपदर, कोयरी, मोरबांगडी. आजीच्या बोलण्यात कान द्या: साज, लेणं, वेणीफणी, न्हाणं, उटणं, तीट. "वेणीफणी" हा शब्द मला फार आवडतो. केसांचं काम करणाऱ्या मुलीला तो किती शोभेल, पण आजवर कुणी घेतलेला मी पाहिला नाही.

आपल्या गावाकडेही बघा. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी मराठी रंगभूमीचा पहिला प्रयोग याच सांगलीत केला, म्हणून आपल्या गावाला नाट्यपंढरी म्हणतात. नाटकवाले मेकअपला "रंगभूषा" म्हणतात. मेकअपचंच काम मुख्य असेल तर हा शब्द सांगलीकराच्या कानाला परका वाटणार नाही. दुसरी आपली ओळख हळदीची. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय. हळद म्हणजे लग्न, हळद म्हणजे उटणं, हळद म्हणजे बाजारपेठ, सगळं एका शब्दात येतं. त्याच्या भोवतीचे शब्द वहीत लिहा. फक्त पुढे "सांगली हळद" असं लिहून उटण्याच्या पुड्या विकायचा विचार असेल तर थांबा. मानांकनाचं नाव मालावर छापायला वेगळे नियम आहेत, आणि सौंदर्यप्रसाधन बनवून विकायला अन्न व औषध प्रशासनाचा परवाना लागतो.

मोठ्यांनी नावं कशी शोधली तेही बघण्यासारखं आहे. लॅक्मे हा ब्रँड १९५२ साली टाटांच्या कंपनीने सुरू केला. नाव एका फ्रेंच ऑपेराच्या नायिकेचं, आणि ते मुळात आपल्याच "लक्ष्मी"चं फ्रेंच रूप. देवघरातला शब्द नव्या उच्चारात आला आणि टिकला. व्हीएलसीसी हे संस्थापिकेच्या नावाची आणि कामाची आद्याक्षरं जोडून झालेलं नाव. आता मुली मला विचारतात, "ताई, मी पण माझी आद्याक्षरं घेऊ का?" माझं उत्तर नेहमी नाही असतं. सुट्या अक्षरांना अर्थ नसतो. तो अर्थ त्यांच्यात भरायला वर्षानुवर्षं जाहिरात करावी लागते, आणि तेवढा पैसा आपल्याकडे नाही. आपल्याला पहिल्या दिवसापासून काम करणारं नाव हवं.

फोनवर ऐकवून बघा

माझ्या मते ही परीक्षा सगळ्यात महत्त्वाची आहे.

गेल्या वर्षी एका मुलीने "एलिगान्झा" हे नाव पक्कं करून आणलं. लोगोसुद्धा तयार होता, सोनेरी अक्षरं, खाली कमळ. दिसायला खरंच सुंदर. मी तिला म्हटलं, तुझ्या घरातल्या सगळ्यात मोठ्या बाईला माझ्यासमोर फोन लाव. तिने जतला आत्तीला फोन लावला, स्पीकर चालू केला.

"आत्ती, माझ्या पार्लरचं नाव ठरलं. एलिगान्झा."

"काय? आळी? कुठली आळी?"

"आळी नाही गं. ए-लि-गान्-झा."

"परत सांग की."

तिने परत सांगितलं. पलीकडे थोडा वेळ शांतता, मागे कुठंतरी मोटर सुरू होती. मग आत्ती म्हणाली, "बरं बरं. कुणी विचारलं तर मी आपलं तुझंच नाव सांगते."

मुलीचा चेहरा उतरला. मी तिला म्हटलं, आत्तीने तुला कोर्सच्या फीपेक्षा मोठी गोष्ट शिकवली बघ. आता वहीतलं दुसरं नाव सांग. तिने "अबोली" म्हटलं. आत्ती लगेच म्हणाली, "अबोली व्हय? आपल्या दारातली? हां, हे बरं हाय."

तुम्हीही हेच करा. वहीतल्या चाळीस शब्दांतून निवडलेल्या पाच-सहा नावांसाठी पाच जणींना फोन लावा: एक साठीच्या पुढची, एक खेडेगावातली, एक कॉलेजची, एक मिरजेची किंवा सीमेकडची जिच्या घरी कानडी बोलतात, आणि एक तुमच्याशी फार ओळख नसलेली. नाव एकदाच उच्चारायचं, समजावून सांगायचं नाही. मग म्हणायचं, आता मला परत सांगा. दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन करून विचारायचं, काल सांगितलेलं नाव आठवतंय का? पाचांपैकी चौघींना आठवलं ते नाव ठेवा. तुम्हाला कितीही आवडत असलं तरी, दोघींनाच आठवलेलं नाव काढून टाका.

याच वेळी आणखी एक परीक्षा घ्या. नावाला विभक्ती लावून बघा. बायका तुमच्या पार्लरचं नाव सुटं कधीच घेणार नाहीत. त्या म्हणतील, "मी अबोलीत आहे, अर्ध्या तासाने येते." "साजमधून करून घेतलं." "त्या ठुशीवाल्या ताई आहेत ना, त्यांचा नंबर दे." ही तीन वाक्यं प्रत्येक नाव घालून मोठ्याने म्हणा. "इटर्नल ब्लिस"ला "त" लागत नाही, "वाल्या ताई" तर अजिबात लागत नाही. मग लोक स्वतःच दुसरं नाव पाडतात: "ती मेडिकलच्या वरची." एकदा तसं नाव पडलं की तुमचा बोर्ड कितीही मोठा असला तरी तुम्ही मेडिकलच्या वरचीच.

लिहून बघा, दोन्ही लिपींत

कानाला चांगलं असलेलं नाव लिहिताना अडू शकतं. आपल्या धंद्यातला सगळ्यात मोठा घोळ "शृंगार" या शब्दाचा. बरोबर शब्द "शृंगार" आहे, पण निम्म्या बोर्डांवर "श्रृंगार" दिसतो. तुम्ही शुद्ध लिहिलं तरी गिऱ्हाईक मोबाईलवर दुसरंच टाइप करणार. "उज्ज्वला"मध्ये दुसरा ज विसरला जातो, "रूप"चं "रुप" होतं. ज्या शब्दाच्या शुद्धलेखनावरून घरातच दोन मतं आहेत तो शब्द नावाला घेऊ नका.

इंग्रजी स्पेलिंगची गोष्ट तर रोजची आहे. इन्स्टाग्रामचं हँडल देवनागरीत होत नाही. त्यात फक्त इंग्रजी अक्षरं, अंक, टिंब आणि अंडरस्कोअर चालतात, तेही ३० अक्षरांपर्यंत. म्हणजे मराठी नावालाही इंग्रजी स्पेलिंग लागणारच. "सौंदर्य" शब्द पाच जणींना इंग्रजीत लिहायला सांगा. एक एस-ओ-यूने सुरुवात करेल, दुसरी एस-ए-यूने, तिसरी एस-ओ-डब्ल्यूने, आणि शेवटच्या "र्य"चे पुन्हा दोन-तीन प्रकार. "साज" कुणी एक ए घालून लिहील, कुणी दोन, पण दोन्ही हँडलं तुम्ही घेऊन ठेवू शकता. "अबोली"ला तर एकच स्पेलिंग सुचतं.

आता अंकशास्त्राचं. घरातल्या मोठ्यांनी मुहूर्त बघितला, अमुक अक्षरावरून नाव ठेव म्हणाले, तर जरूर ठेवा. घरच्यांचा आशीर्वाद घेऊन सुरुवात केलेली बरी. पण नशिबासाठी स्पेलिंगमध्ये जादा ए किंवा डबल एच घालायला कुणी सांगितलं तर ते नम्रपणे नाकारा. गिऱ्हाईक शोधताना साधं स्पेलिंग टाकतं आणि तुम्ही तिला सापडत नाही.

ही नावं टाळा

*दोन नावांची जोड.* माझं पहिलं पार्लर आम्ही दोघी मैत्रिणींनी मिळून गावभागात सुरू केलं होतं. तिच्या नावाची पहिली दोन अक्षरं, माझ्या नावाची शेवटची दोन, असं गोड नाव जमलं. ते नाव मी इथे लिहीत नाही, कारण ती आजही माझी जिवाभावाची मैत्रीण आहे. तिसऱ्या वर्षी तिचं लग्न झालं, ती पुण्याला गेली आणि तिथे तिने स्वतःचं काम सुरू केलं. भांडण नाही, तंटा नाही. पण नाव कुणाचं? तिला पुण्यात तेच हवं होतं, आणि मला सांगलीत तेच चालवायचं होतं. शेवटी दोघींनीही ते सोडलं. बोर्ड, बिलबुक, बँकेचं खातं, सगळं नव्याने करावं लागलं, आणि पुढे दोन वर्षं बायका फोनवर जुनंच नाव घ्यायच्या. भागीदारीत सुरू करत असाल तर नाव दोघींपासून वेगळं ठेवा, आणि भागीदारी संपली तर नाव कुणाकडे राहील हे साध्या स्टॅम्प पेपरवर आधीच लिहून घ्या. मैत्री घट्ट असते तेव्हाच हे लिहिणं सोपं जातं.

*जागेचं नाव.* चौकाचं, रोडचं, कॉम्प्लेक्सचं नाव पार्लरला देऊ नका. सांगलीत राहणाऱ्याला याचं कारण समजवायला नको. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी शहरात शिरलं, तेव्हा नदीकाठच्या भागातल्या आमच्यासारख्या कितीतरी दुकानांचं सगळं गेलं. माझ्या गाळ्यात पाणी ओसरल्यावर स्टीमरच्या तोंडातूनही गाळ निघाला. त्यानंतर मी विश्रामबागच्या बाजूला आले. २०२१ ला पुन्हा पाणी आलं आणि आणखी काही जणींनी जागा बदलल्या. माझ्या नावात जागा नव्हती म्हणून नाव माझ्यासोबत आलं. ज्यांच्या नावातच चौक होता त्यांना शंभर फुटी रोडवर बसून जुन्या चौकाचा पत्ता गिऱ्हाइकाला समजवावा लागला.

*लेकीचं नाव.* प्रेमाने ठेवतात, मला समजतं. पण मुलगी मोठी होते, तिच्या वर्गातल्या मुली तुमच्याकडे येतात, कुणाचं काम बिघडलं तर तिच्या कानावर येतं. आणि उद्या पार्लर दुसऱ्या कुणाला चालवायला द्यायचं झालं तर लेकीचं नाव देववत नाही. स्वतःचं नाव ठेवणं मात्र चांगलं, विशेषतः मेकअप आर्टिस्ट असाल तर. तिथं लोक माणूस बघूनच येतात.

*देवाचं नाव.* गणपतीच्या गावात हे लिहिताना मी जपून लिहिते. श्रद्धा असावी, देव्हारा दुकानात असावाच. पण नाव फक्त बोर्डावर राहत नाही. ते व्हिजिटिंग कार्डावर जातं, पिशवीवर जातं, आणि ती कार्डं रस्त्यावर पायाखाली येतात. मला ते बघवत नाही. महापुरुषांच्या नावांचंही तसंच. काही नावांना तर १९५० च्या केंद्रीय कायद्याने व्यापारी वापरासाठी बंदीच आहे, त्यात छत्रपती शिवाजी महाराज आणि महात्मा गांधी यांची नावं आहेत.

*जे नाही ते सांगणारी नावं.* "स्किन क्लिनिक" हे डॉक्टरचं काम आहे. तुम्ही फेशियल करता, उपचार करत नाही. "हर्बल" म्हणाल आणि ट्रॉलीवर ब्लीचचे डबे दिसले तर गिऱ्हाईक तोंडावर काही बोलणार नाही, पण परत येणार नाही. कंपनी नोंदवलेली नसताना "प्रायव्हेट लिमिटेड" लिहिणं कायद्याने गुन्हा आहे. आणि एखाद्या मोठ्या ब्रँडचं सामान वापरता म्हणून त्या ब्रँडचं नाव स्वतःच्या नावाला जोडता येत नाही, त्यासाठी फ्रँचायझी घ्यावी लागते.

शेवटचा शब्द

"पार्लर" लावायचं की "सलून", "स्टुडिओ" की "अकॅडमी"? आपल्याकडे मोठ्या बायकांच्या डोक्यात सलून म्हणजे अजूनही पुरुषांचं केशकर्तनालय. शहरातल्या मुलींना सलून म्हणजे मोठं, युनिसेक्स, एसीवालं. तुमचं गिऱ्हाईक खेड्यातून येणार असेल आणि काम फक्त महिलांचं असेल तर "ब्युटी पार्लर" हाच शब्द सुरक्षित. खाली बारीक अक्षरात "फक्त महिलांसाठी" लिहा. सासू सुनेला निर्धास्त पाठवते. "स्टुडिओ" मेकअपवालीला शोभतो. "अकॅडमी" तेव्हाच लावा जेव्हा खरंच बॅच चालू असेल. पण मूळ नाव असं निवडा की शेवटचा शब्द उद्या बदलला तरी बिघडणार नाही.

नाव कुणाचं आहे का, ते बघा

आता वहीत तीन नावं उरली असतील. आधी पायाने शोधा. स्कूटी काढा आणि मारुती रोड, हरभट रोड, कापड पेठ, राम मंदिर चौक, कॉलेज कॉर्नर, कुपवाड, मिरज अशी एक संपूर्ण दुपार फिरा. नेटवर नसलेली पार्लरं खूप आहेत, त्यातली काही वीस वर्षांची जुनी आहेत. त्यांच्यासारखं नाव ठेवणं चुकीचं आहे, आणि धंद्यालाही वाईट. तुमचं गिऱ्हाईक त्यांच्याकडे जाईल, आणि त्यांच्याकडची तक्रार तुमच्या नावावर येईल.

मग गुगल मॅपवर दोन्ही लिपींत शोधा, सांगलीसोबत कोल्हापूर आणि सातारासुद्धा. इन्स्टाग्रामवर हँडल मोकळं आहे का बघा, आणि मोकळं असेल तर त्याच क्षणी घेऊन ठेवा.

मग ट्रेडमार्क, म्हणजे नावावरचा कायदेशीर हक्क. पेटंट आणि ट्रेडमार्क विभागाच्या सरकारी वेबसाइटवर कुणालाही फुकट शोधता येतं. पार्लरची सेवा वर्ग ४४ मध्ये येते, सौंदर्यप्रसाधनं वर्ग ३ मध्ये, आणि क्लास म्हणजे प्रशिक्षण वर्ग ४१ मध्ये. नुसता शब्द शोधून थांबू नका. तिथे उच्चारावरून शोधायचीही सोय आहे, ती वापरा, कारण स्पेलिंग वेगळं आणि उच्चार सारखा असला तरी हरकत येऊ शकते. यादीत नाव दिसलं तर त्याची स्थिती वाचा: नोंदणी झालीय, आक्षेप आहे, की अर्ज सोडून दिलाय.

इथे एक कायद्याची बाजू लक्षात घ्या. "सुंदर ब्युटी पार्लर", "सांगली मेकअप" यांसारखी नावं कामाचं किंवा गावाचं वर्णन करतात. वर्णनाच्या शब्दावर कुणा एकाला हक्क मिळणं कठीण असतं. उद्या शेजारी कुणी तसंच नाव ठेवलं तर तुम्ही फारसं काही करू शकत नाही. "ठुशी", "इरकल" अशा शब्दांचा पार्लरच्या कामाशी थेट संबंध नाही, म्हणून ते कायद्याच्या दृष्टीनेही जास्त भक्कम. आजीच्या पेटीतला शब्द घ्या असं मी म्हणते त्याचं हे दुसरं कारण.

कागदपत्रं

नाव पक्कं झालं की सगळीकडे एकसारखं लिहायचं, काना-मात्रेचाही फरक नको. एका ठिकाणी "ब्युटी", दुसरीकडे "ब्यूटी" झालं की बँकेत अर्ध्या दिवसाचं काम वाढतं.

शॉप ॲक्टचं, म्हणजे दुकानाच्या सरकारी नोंदीचं काम सोपं आहे. महाराष्ट्राच्या २०१७ च्या कायद्यानुसार मोजकीच माणसं कामाला असतील तर नोंदणी घ्यावी लागत नाही. सुरू केल्यापासून ६० दिवसांच्या आत ऑनलाइन सूचना द्यायची आणि पावती जपून ठेवायची. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या धंद्याची सरकारी नोंद, आधार कार्डवर होते आणि सरकारी पोर्टलवर ती पूर्ण मोफत आहे. कुणी पैसे मागितले तर ते त्याच्या भरण्याच्या कामाचे आहेत, सरकारचे नाहीत. या दोन कागदांवर बँकेत पार्लरच्या नावाचं करंट खातं उघडा. ते लवकर करा, कारण क्यूआर स्कॅन केल्यावर गिऱ्हाइकाच्या मोबाईलवर खात्याचं नाव दिसतं. पार्लरचं एक नाव आणि पैसे नवऱ्याच्या नावावर जाताना दिसले की नवं गिऱ्हाईक दोनदा विचारतं, "बरोबर आहे ना?"

ट्रेडमार्कचा अर्ज लगेच केलाच पाहिजे असं नाही. पण वर्षभरात धंदा बसला, ब्रायडलच्या ऑर्डरी बाहेरगावहून यायला लागल्या, तर करून टाका. एका व्यक्तीच्या नावाने ऑनलाइन अर्जाची सरकारी फी एका वर्गाला ४,५०० रुपये आहे. अर्ज ट्रेडमार्क विभागाच्या जर्नलमध्ये प्रसिद्ध झाल्यावर हरकतीसाठी चार महिने असतात. नोंदणी दहा वर्षं चालते, मग नूतनीकरण. नोंदणी होईपर्यंत नावापुढे गोलातला आर लावू नका.

बोर्ड

महाराष्ट्रात २०२२ च्या दुरुस्तीनंतर लहानमोठ्या सगळ्या दुकानांना मराठी देवनागरी पाटी बंधनकारक आहे. दुसरी भाषा चालते, पण मराठी आधी आणि तिची अक्षरं इतर लिपीपेक्षा लहान नकोत. म्हणून डिझाइन आधी मराठीत करून घ्या, इंग्रजी मागाहून बसवा. बरेच डिझायनर उलट करतात आणि मराठी नाव कोपऱ्यात कोंबतात.

फ्लेक्सवाल्याकडे छपाईआधी प्रूफ स्वतः वाचा, मोबाईलवर नाही तर त्याच्या शेजारी बसून. जुन्या सॉफ्टवेअरमध्ये मराठी मजकूर चिकटवला की पहिली वेलांटी पुढच्या अक्षरावर जाऊन बसते, रफार चुकीच्या जागी जातो, जोडाक्षराचा पाय मोडतो. एका मुलीच्या बोर्डावर "सौंदर्य"चा रफार "द"वर गेला होता आणि उद्घाटनाच्या सकाळी ते लक्षात आलं. साध्या अक्षरांच्या नावाला हा धोकाच नसतो. अंतिम करण्याआधी नाव कागदावर मोठं छापून गाळ्याच्या शटरला चिकटवा आणि रस्त्याच्या पलीकडून गाडीवर जाताना वाचून बघा. एका नजरेत वाचता आलं पाहिजे. वेलबुट्टीची, वळणावळणाची अक्षरं लग्नपत्रिकेवर छान दिसतात. रस्त्यावरच्या पाटीला जाड, सरळ अक्षर घ्या. बोर्ड भिंतीबाहेर रस्त्यावर येत असेल तर महापालिकेत परवानगीचं विचारून घ्या.

गुगलवर पार्लर नोंदवताना नाव पाटीवर आहे तेवढंच टाका. नावापुढे "बेस्ट ब्रायडल मेकअप इन सांगली" असं जोडायला कुणी सुचवेल. ते गुगलच्या नियमात बसत नाही, आणि कुणी तक्रार केली तर नोंद बंद पडू शकते.

नाव बदलायची वेळ आली तर

आधीच पार्लर चालू आहे आणि नाव चुकलंय असं वाटणाऱ्याही काही जणी हे वाचत असतील. बदला, पण एका रात्रीत नको. मी जे केलं ते सांगते. नव्या बोर्डावर खाली लहान अक्षरात जुनं नाव वर्षभर ठेवलं. फोन उचलताना आधी नवं नाव घ्यायचं, मग "हो हो, तीच मी" म्हणायचं. नियमित येणाऱ्या प्रत्येकीला व्हॉट्सॲपवर वेगळा निरोप पाठवला, ग्रुपवर टाकलेला कुणी वाचत नाही. इन्स्टाचं हँडल नवं काढू नका, आहे त्याचंच नाव बदला, म्हणजे फॉलोअर आणि जुने फोटो जात नाहीत. गुगलवरही तीच नोंद दुरुस्त करा, रिव्ह्यू टिकतात. बँक, उद्यम आणि शॉप ॲक्ट या तिन्हींत बदल एकाच महिन्यात उरकून घ्या.

आणि बदल श्रावण सुरू व्हायच्या आधी करा. तोवर लग्नं आटोपलेली असतात, हातात वेळ असतो. गौरी-गणपतीला घरोघरी बायका जमतात तेव्हा नवं नाव त्यांच्या बोलण्यात यायला लागतं, आणि तुळशीच्या लग्नानंतर सराई सुरू होईपर्यंत ते त्यांच्या तोंडात बसतं.